ठिकऱ्यांची गणती

२७ मार्च २०१९ रोजी सकाळी अकरा वाजून गेल्यावर ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून एक क्षेपणास्त्र झेपावले आणि तीन मिनिटांच्या आत सुमारे २८३ किलोमीटर उंचीवरील एका भारतीय उपग्रहावर जाऊन आदळले. ‘मायक्रोसॅट-आर’ नावाचा, सुमारे ७४० किलोग्रॅम वजनाचा हा उपग्रह दोनच महिन्यांपूर्वी, २४ जानेवारी रोजी, पीएसएलव्ही-सी४४ या प्रक्षेपकाने कक्षेत सोडला होता. क्षेपणास्त्राच्या अग्रभागी स्फोटक नव्हते. त्याची आवश्यकताच नव्हती. दोन्ही वस्तूंचा परस्परसापेक्ष वेग सेकंदाला दहा किलोमीटरच्या घरात होता. ‘मिशन शक्ती’ यशस्वी झाल्याची घोषणा दुपारी पंतप्रधानांनी केली आणि त्याच दिवशी जगभरातून एक साधा, हिशेबी प्रश्न विचारला जाऊ लागला : तुकडे किती झाले?

परराष्ट्र मंत्रालयाचे उत्तर असे होते की, जे काही तुकडे झाले असतील ते काही आठवड्यांत पृथ्वीवर परततील. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष जी. सतीश रेड्डी यांनी ४५ दिवसांचा अंदाज दिला. १ एप्रिल रोजी नासाचे प्रशासक जिम ब्रायडनस्टाइन यांनी आपल्या कर्मचाऱ्यांपुढे वेगळेच आकडे मांडले : सुमारे ४०० तुकडे आढळले आहेत, त्यांपैकी दहा सेंटिमीटरहून मोठ्या साठांचा माग काढला जात आहे आणि चोवीस तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या कक्षेहून उंच जात आहेत. या आकड्यांवर दोन्ही बाजूंनी बरेच राजकीय बोलणे झाले. हे आकडे येतात कोठून, ते कोण मोजतो, कशाने मोजतो आणि मोजणाऱ्याच्या नजरेतून काय निसटते, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. वस्तुतः त्या चर्चेला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि त्याचा आरंभ अवकाशात झालेला नाही. त्याचा आरंभ पोलादी पत्र्याच्या मागच्या बाजूला झाला.

१९१४ साली केंब्रिजचे अभियंता बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. जाड पोलादी पत्र्याच्या एका पृष्ठावर गनकॉटन या स्फोटकाचा तुकडा ठेवून उडविला, तर पत्र्याला आरपार छिद्र पडत नाही. पण नेमक्या मागच्या पृष्ठावरून पोलादाची एक गोल चकती सुटून वेगाने बाहेर फेकली जाते. कॅरमच्या सोंगट्या एका ओळीत चिकटवून ठेवाव्यात, पहिलीला स्ट्रायकर मारावा आणि मधल्या जागच्या जागी राहून शेवटचीच तेवढी उडावी, तसा हा प्रकार. स्फोटामुळे निर्माण झालेली दाबाची लाट पत्र्यातून पलीकडे पोहोचते. तिथे पुढे हवाच असल्याने ती परत फिरते, आणि फिरताना ताणाची लाट होऊन येते. पोलाद दाब पुष्कळ सोसते. ताण त्या मानाने कमी. लाट परतताना एका विशिष्ट खोलीवर ताण असह्य होतो आणि भिंतीवरून गिलाव्याचा पोपडा सुटावा तसा पोलादाचा थर सुटतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये याच तत्त्वावर एक तोफगोळा तयार झाला. तो चिलखतावर आदळताच चपटा होऊन पसरतो, मग त्यातील स्फोटक उडते आणि चिलखत न भेदताच आतल्या बाजूने पोलादाचा पोपडा माणसांवर येतो. ‘हेश’ या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. पुण्यातील पाषाण येथील आयुध संशोधन व विकास आस्थापनेने, म्हणजेच एआरडीईने, अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेसाठी जे दोन प्रमुख गोळे घडविले, त्यांत एक हेश आहे. दुसरा आहे पंखधारी भेदक दांडा. जड मिश्रधातूची ही लांब, सडपातळ सळई सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर वेगाने जाते आणि केवळ आपल्या गतिज ऊर्जेने चिलखतात शिरते.

अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा पाहताना प्रेक्षक साहजिकच चिलखताची जाडी बाहेरून न्याहाळतो. रणगाड्याच्या बाबतीत मात्र बाहेरचे दृश्य नेहमीच फसवे असते. भेदक दांड्याने पाडलेले छिद्र मुठीहूनही लहान असू शकते आणि दांड्याचा आत पोहोचलेला अवशेष एका सरळ रेषेत निघून जातो. त्या रेषेत कोणी नसेल तर त्याने काहीच घडणार नाही. घडते ते त्याच्याबरोबर आत शिरलेल्या ठिकऱ्यांमुळे. चिलखताच्या आतल्या पृष्ठभागाचे फुटलेले पोलाद आणि दांड्याचे तुटलेले कण मिळून शंकूच्या आकाराचा एक फवारा तयार होतो. तीन किंवा चार माणसे, दारूगोळा, इंधन आणि तारांचे जाळे, हे सारे त्या शंकूत सापडते. म्हणून रणगाडा बांधणाऱ्यासमोर दोन प्रश्न असतात. गोळा आत आला की नाही, हा पहिला. आला तर त्याच्यामागून किती ठिकऱ्या, केवढ्या, किती वेगाने आणि किती रुंद शंकूत आल्या, हा दुसरा. आणि आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा.

या दुसऱ्या प्रश्नाला गणिताचे रूप देण्याचे श्रेय मोठ्या अंशी नेव्हिल मॉट या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाकडे जाते. पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे मॉट महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील फोर्ट हॉल्स्टेड येथे शस्त्रसंशोधनात गुंतले होते. फुटलेल्या तोफगोळ्याचे तुकडे गोळा करून, चाळून, वजनांनुसार त्यांचे ढीग लावण्याचे काम तेथे चाले. १९४३ साली मॉट आणि लिनफूट यांनी त्या ढिगांत एक नियम शोधला : ठरावीक वजनाहून जड तुकड्यांची संख्या त्या वजनाच्या वर्गमुळाबरोबर घातांकी रीतीने घटत जाते. जड तुकडे मोजके आणि बारीक तुकडे असंख्य, हे कोणालाही ठाऊक होते. मोजके म्हणजे नेमके किती आणि असंख्य म्हणजे किती, हे आता सांगता येऊ लागले.

नियमामागचे मॉट यांचे चित्र त्याहून सुंदर आहे. फुगत जाणाऱ्या पोलादी कड्याची कल्पना करावी. त्यात कोठेतरी पहिली भेग पडते. भेग पडताच तिच्या दोन्ही बाजूंचा ताण सैल होतो आणि हा सैलपणा लाटेसारखा पसरत जातो. ज्या भागापर्यंत तो पोहोचला तेथे नवी भेग पडत नाही. जेथे पोहोचलेला नाही तेथे अजूनही पडू शकते. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ भेगाळतो तेव्हा असेच काहीसे घडते, फक्त अतिशय संथपणे. भेगा पडण्याची घाई आणि सैलपणाच्या लाटेची धाव यांच्या शर्यतीतून तुकड्यांचे आकार ठरतात. कोणता तुकडा कोठे तुटेल हे सांगता येत नाही. पण सर्व तुकड्यांचा मिळून आराखडा सांगता येतो. यदृच्छेतून नियम काढण्याची ही रीत भौतिकशास्त्राला नवी नव्हती. रणगाड्याच्या पोटात ती नवी होती.

नियम कागदावर आला तरी मोजमाप सोपे झाले नाही. तोफगोळा वाळूत किंवा भुशात फोडून तुकडे वेचता येतात. चिलखतामागच्या फवाऱ्याचा वेग आणि दिशाही हवी असते, आणि सारा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो. त्यासाठी जगभरच्या चाचणी मैदानांवर जी युक्ती रूढ झाली तिला ‘साक्षीदार पत्रे’ म्हणता येईल. चिलखताच्या मागे ठरावीक अंतरावर पोलादाचे किंवा ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकामागे एक, मधे फोमचे थर देऊन उभे करतात. गोळा झाडल्यानंतर प्रत्येक पत्र्यावरची छिद्रे मोजतात, त्यांचे क्षेत्रफळ नोंदवितात आणि कोणती ठिकरी कितव्या पत्र्यापर्यंत पोहोचली ते पाहतात. छिद्रांच्या विखुरण्यावरून शंकूचा कोन कळतो, खोलीवरून ठिकरीची ताकद.

साक्षीदाराची साक्ष मात्र अपुरी असते. चौथ्या पत्र्यात अडकलेली ठिकरी जड आणि संथ होती की हलकी आणि वेगवान, हे छिद्र सांगत नाही. अज्ञात दोन आणि समीकरण एक, अशी ही शाळकरी अडचण आहे. पहिल्याच पत्र्यावर नुसता पोचा पाडून गळून पडलेली ठिकरी बहुधा गणतीतच येत नाही, कारण मोजणी छिद्रांची असते. आणि मधोमध, जिथे फवारा सर्वांत दाट असतो, तिथे शेकडो छिद्रे एकमेकांत मिसळून एकच मोठे भगदाड उरते. म्हणजे जिथे मोजणे सर्वांत गरजेचे, तिथेच साक्षीदार मुका होतो.

ही उणीव फ्लॅश एक्स-रेने बऱ्याच अंशी भरून काढली. धूर आणि ज्वाळांमुळे साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही; क्ष-किरणांना त्यांचा अडथळा नाही. सेकंदाच्या कोट्यंशाइतक्या स्पंदात ठिकरी मिलिमीटरभरही सरकत नाही, त्यामुळे सावली रेखीव येते. एकाच दिशेने थोड्या कालांतराने दोन चित्रे घेतली की वेग मिळतो आणि काटकोनात दोन घेतली की आकार. तरीही सावली ती सावलीच. मोठ्या ठिकरीच्या सावलीत लहान ठिकरी लपते, आणि फार बारीक कण फिल्मवर उमटतच नाहीत.

भारतात या विद्येचा संसार तीन-चार शहरांत विभागलेला आहे. संरक्षण दलांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारी हे होते. पुण्याजवळ खडकीला शस्त्रविद्येची संस्था आणि चंडीगडला अंतिम प्राक्षेपिकी प्रयोगशाळा या पुढच्या दोन दशकांत उभ्या राहिल्या. ‘अंतिम प्राक्षेपिकी’ हे नाव जड वाटले तरी अचूक आहे : गोळा लक्ष्याला भिडल्यानंतर जे घडते, त्याचे शास्त्र. चिलखताची धातुविद्या हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेत वाढली. अर्जुन रणगाड्याचे ‘कांचन’ हे संमिश्र चिलखत तिथले. प्रयोगशाळा ज्या कंचनबाग परिसरात आहे त्यावरूनच ते नाव पडले. या प्रयोगशाळेचे संचालक आणि पुढे संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झालेले व्ही. एस. अरुणाचलम यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतही काम केले होते, आणि उत्तरायुष्यात त्यांनी आपली धोरणसंशोधन संस्था बंगळूरलाच स्थापन केली. चिलखत आणि आकाश या दोन विषयांतली ये-जा म्हणजे काही योगायोग नव्हे. वेगाने आदळणाऱ्या पदार्थाचे भौतिकशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो वेगाचा, आणि तो फरक क्षुल्लक नाही.

एक किलोग्रॅम वस्तूचा वेग सेकंदाला १.६ किलोमीटर असेल तर तिची गतिज ऊर्जा साधारण १.३ मेगाज्यूल भरते. एक किलोग्रॅम टीएनटीत ४.२ मेगाज्यूल असते. म्हणजे रणगाड्याचा भेदक दांडा वजनाच्या हिशेबाने टीएनटीच्या एक तृतीयांशाहूनही दुबळा. तीच वस्तू सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळली तर ऊर्जा ५० मेगाज्यूल, टीएनटीच्या बारापट. अवकाशात स्फोटके का लागत नाहीत, याचे उत्तर या एका भागाकारात आहे. एक सेंटिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची गोळी जेमतेम दीड ग्रॅमची; त्या वेगाला तिच्यात ताशी चाळीस-एक किलोमीटरने धावणाऱ्या छोट्या मोटारीइतकी ऊर्जा असते.

१९४७ साली, एकही उपग्रह आकाशात नसताना, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी भावी अवकाशयानांना उल्कांपासून वाचविण्याचा उपाय सुचविला : यानाच्या भिंतीपुढे थोडे अंतर सोडून एक पातळ पत्रा लावावा. उल्काकण त्या पत्र्यावर आदळून स्वतःच चूर होईल आणि त्याचा फवारा पसरत जाऊन मुख्य भिंतीवर विरळ होऊन पडेल. महायुद्धात जर्मन रणगाड्यांना अंतर राखून लावलेले पातळ पत्रे असत, ते याचे दूरचे भावंड. रणगाड्याच्या आत जो ठिकऱ्यांचा फवारा शत्रू, तोच व्हिपल यांच्या ढालीत मित्र होतो, फक्त तो दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत घडवून आणायचा असतो. अपोलोच्या काळात ह्यूस्टनमध्ये अशा ढालींवर काम करणारे बर्टन कूर-पाले यांनी १९७८ साली डोनाल्ड केसलर यांच्यासह एक निबंध लिहिला. पृथ्वीभोवतीच्या मानवनिर्मित वस्तू एकमेकींवर आदळून त्यांच्या ठिकऱ्यांचाच एक पट्टा तयार होईल, असे त्याचे भाकीत होते. ढाल करणाऱ्याला ठिकऱ्यांची भाषा आधीच येत होती.

भाकिताला आकडे हवे होते, आणि आकड्यांसाठी पुन्हा मैदानावर जावे लागले. १९९२ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या अर्नोल्ड चाचणी केंद्रात नौदलाच्या न वापरलेल्या एका जुन्या उपग्रहावर १५० ग्रॅमचा गोळा सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने झाडला आणि उरलेले तुकडे वेचले. अशा प्रयोगांतून आणि आकाशातील प्रत्यक्ष स्फोटांच्या नोंदींतून नासाने आपले विखंडन प्रतिमान बांधले. त्यात दोन गोष्टी मध्यवर्ती आहेत. उपग्रहाच्या दर ग्रॅमामागे ४० ज्यूलहून अधिक ऊर्जा आदळली तर तो संपूर्ण फुटतो, हा एक निकष. आणि दुसरे, तुकड्यांची संख्या त्यांच्या लांबीच्या १.७१ व्या घाताने घटते, हा नियम. मॉट यांच्या वर्गमुळाचा हा आकाशातला नातेवाईक. चेहरा वेगळा, कुळ एक.

हे प्रतिमान मायक्रोसॅट-आरला लावून पाहण्यासारखे आहे. ७४० किलोग्रॅमचा उपग्रह संपूर्ण फोडायला दर ग्रॅमी ४० ज्यूल या हिशेबाने सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा पुरे. दहा किलोमीटर वेगाला ती ऊर्जा अवघ्या ६०० ग्रॅम वस्तुमानात असते. क्षेपणास्त्राचा अग्रभाग याहून पुष्कळच जड असणार, तेव्हा उपग्रहाचे पीठ झाले यात शंका नाही. केवळ उपग्रहाचे वस्तुमान धरले तरी प्रतिमान दहा सेंटिमीटरहून मोठे सुमारे सातशे तुकडे आणि एक सेंटिमीटरहून मोठे सदतीस हजारांच्या आसपास तुकडे सांगते. अमेरिकेच्या सार्वजनिक सूचीत प्रत्यक्षात नोंदले गेले ते सव्वाशेच्या आसपास.

मग उरलेले पाच-सहाशे कोठे गेले? बरेचसे सूचीत चढण्यापूर्वीच वातावरणात जळून गेले असणार. तुकडा नुसता दिसून चालत नाही. तो पुन्हापुन्हा दिसावा लागतो, त्याची कक्षा बांधावी लागते, तेव्हा त्याला क्रमांक मिळतो. २८३ किलोमीटर उंचीवर विरळ का होईना हवा आहे, आणि ज्या तुकड्याचा वेग टकरीत थोडासाही घटला तो काही तासांत खाली येतो. त्या अर्थाने कमी उंचीची निवड जबाबदारीची होती आणि ती मान्य केलीच पाहिजे. चीनने जानेवारी २००७ मध्ये सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर आपला हवामान उपग्रह फोडला, त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे सूचीत आले आणि त्यांतील बरेच आजही फिरत आहेत. गंमत अशी की त्या प्रसंगी प्रतिमान उलट बाजूने चुकले. सुमारे टनभर वजनाच्या उपग्रहासाठी ते हजाराच्या आतबाहेर तुकडे सांगते. मोजले गेले त्याच्या तिपटीहून जास्त.

या चुकीमुळेच पुढचा प्रयोग झाला. १९९२ साली फोडलेला उपग्रह साठच्या दशकातल्या बांधणीचा होता. आजचे उपग्रह कार्बन तंतूंच्या संमिश्रांचे, अनेक थरांच्या उष्णतारोधक आवरणांचे असतात. म्हणून एप्रिल २०१४ मध्ये त्याच केंद्रात ‘डेब्रिसॅट’ हा मुद्दाम आधुनिक पद्धतीने बांधलेला ५६ किलोग्रॅमचा नमुना फोडण्यात आला; ५७० ग्रॅमचा गोळा, वेग सेकंदाला ६.८ किलोमीटर. कक्षाच्या भिंतींना फोमचे जाड थर लावलेले होते. ठिकऱ्या त्यांत शिरून बसल्या. नंतर ते फोम फ्लॉरिडा विद्यापीठात नेऊन क्ष-किरणांखाली तपासले गेले, आणि विद्यार्थ्यांनी चिमट्याने एकेक ठिकरी काढून तिचे वजन, लांबी आणि आकार नोंदविला. रणगाड्यामागचे साक्षीदार पत्रे, त्यांमधला फोम आणि क्ष-किरण, सगळी जुनी मंडळी इथे पुन्हा भेटतात. दोन मिलिमीटरहून मोठे पंच्याऐंशी हजार तुकडे मिळतील असा अंदाज होता. मिळाले दोन लाखांहून अधिक, आणि त्यांत कार्बन तंतूंच्या सुयांसारख्या ठिकऱ्यांचा भरणा मोठा होता. अशी सुई हलकी असते, हवेने चटकन खाली ओढली जाते आणि रडारला तिचा प्रतिध्वनी क्षीण मिळतो. धातूच्या गोळीवर आधारलेले जुने हिशेब तिला लागू पडत नाहीत.

रडारची मर्यादा इथे नीट समजून घ्यावी लागते, कारण ‘दहा सेंटिमीटर’ हा आकडा निसर्गाने ठरविलेला नाही. वस्तू रडारच्या तरंगलांबीहून बरीच लहान झाली की तिचा प्रतिध्वनी आकाराच्या सहाव्या घाताने कोसळतो. आकार निम्मा झाला की परतणारा संकेत चौसष्टावा हिस्सा उरतो. त्यामुळे सूची एका ठिकाणी जवळजवळ कड्यासारखी तुटते. कड्याच्या अलीकडच्या वस्तूंना क्रमांक आहेत. पलीकडे हजारो ठिकऱ्या आहेत, पण त्यांच्यापासून बाजूला होण्याचा मार्ग नाही, कारण त्या कोठे आहेत हे कोणालाच माहीत नाही. पहिल्या साक्षीदार पत्र्यावर पोचा पाडून गळून पडलेल्या ठिकरीसारखीच त्यांची गत आहे. फरक इतकाच की त्या गळून पडत नाहीत.

आता ४५ दिवसांच्या अंदाजाकडे वळता येईल. तो चुकला, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. बहुसंख्य तुकड्यांबाबत तो बरोबर होता, शेपटीबाबत नव्हता. टकरीत काही तुकड्यांना मूळ दिशेने जादा वेग मिळतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत दर सेकंदाला एक मीटर जादा वेग मिळाला की कक्षेचे विरुद्ध टोक सुमारे साडेतीन किलोमीटरने उंचावते. सेकंदाला दोनशे मीटर मिळाले तर सातशे किलोमीटरने. म्हणजे २८३ किलोमीटरवर जन्मलेली ठिकरी दर फेरीला अंतराळ स्थानकाच्या, सुमारे ४१० किलोमीटरच्या, उंचीला दोनदा ओलांडू शकते. काही तुकड्यांची विरुद्ध टोके हजार किलोमीटरच्याही पलीकडे गेली होती. ब्रायडनस्टाइन यांचे चोवीस तुकडे ते हेच. असे तुकडे प्रत्येक फेरीत थोडाच वेळ दाट हवेत येतात, म्हणून रेंगाळतात. ४५ दिवस उलटले तेव्हाही ते डझनांनी वर होते. सूचीतला शेवटचा तुकडा जळून गेला तो २०२२ च्या जूनमध्ये. सरासरी सांगणे आणि शेपटी सांगणे यांतला हा भेद मॉट यांच्या चाळण्यांपासून चालत आलेला आहे.

बंगळूरला मात्र हा धडा त्याआधीच, अधिक महागात मिळाला होता. २२ ऑक्टोबर २००१ रोजी पीएसएलव्ही-सी३ ने ‘टेस’ हा उपग्रह आणि सोबत दोन परदेशी उपग्रह अचूक कक्षेत सोडले. मोहीम यशस्वी झाली, टाळ्या वाजल्या. प्रक्षेपकाचा रिकामा झालेला चौथा टप्पा वरच फिरत राहिला. तो खरे तर पुरता रिकामा नव्हता, टाक्यांत थोडे इंधन शिल्लक होते. १९ डिसेंबर रोजी तो आपोआप फुटला. कोणी गोळा झाडला नाही, कोणी लक्ष्य साधले नाही, आणि तरी साडेतीनशेहून अधिक तुकडे सूचीत आले. इस्रोने त्यानंतर सुधारणा केली ती साधी आणि निर्णायक होती : काम झाल्यावर उरलेले इंधन व दाब सोडून देऊन टप्पा निष्क्रिय करायचा. तेव्हापासून ही शिस्त पाळली जाते. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ती कधी आली नाही. भारताने अवकाश स्वच्छ ठेवण्यासाठी आजवर जे केले त्यांत तिचे मोल कदाचित सर्वांत मोठे असेल.

मोजणीसाठी स्वतःची यंत्रणा उभारण्याचे काम उशिरा सुरू झाले. श्रीहरिकोट्याला एकाच वेळी अनेक वस्तूंचा माग काढणारे रडार होते, पण संपूर्ण सूचीसाठी भारत अमेरिकेच्या जाहीर नोंदींवरच विसंबून होता. डिसेंबर २०२० मध्ये बंगळूरच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतील इस्रोच्या संकुलात अवकाशस्थितीवर लक्ष ठेवणारे ‘नेत्र’ प्रकल्पाचे नियंत्रण केंद्र सुरू झाले, आणि जुलै २०२२ मध्ये त्याला सुरक्षित अवकाश व्यवस्थापनाच्या व्यापक यंत्रणेचे रूप मिळाले. यंत्रांच्या कारखान्यांनी आणि गोदामांनी वेढलेल्या त्या भागात बसलेली माणसे रोज जवळीकीच्या इशाऱ्यांची छाननी करतात. बहुतेक इशारे निष्फळ ठरतात. जे ठरत नाहीत त्यांसाठी उपग्रहाला थोडे इंधन खर्चून बाजूला सरकावे लागते. २०२२ साली अशा २१ हालचाली कराव्या लागल्या, २०२३ साली २३. सरकण्यासाठी जाळलेले इंधन उपग्रहाच्या आयुष्यातून वजा होते.

याच शहरातल्या मानवी अवकाश उड्डाण केंद्रात गगनयानाची तयारी चालू आहे. क्रमांक असलेल्या तुकड्यापासून त्याला बाजूला घेता येईल. क्रमांक नसलेल्या ठिकरीसाठी पुन्हा भिंत, तिच्यापुढे पत्रा, आणि त्या पत्र्यामागच्या फवाऱ्याची मोजणी, हाच मार्ग आहे. आणि मायक्रोसॅट-आरचे सगळे नोंदलेले तुकडे जळून गेले असले, तरी पीएसएलव्ही-सी३ च्या चौथ्या टप्प्याचे काही डझन तुकडे, स्फोटाला दोन दशके उलटून गेल्यावरही, पीन्याच्या पडद्यांवर अजून फिरत आहेत.